समुद्राचा धुरा

भंडारा जिल्ह्यातला माणूस तटरक्षक दलात काय करतो, हा प्रश्न मला नोकरीभर विचारला गेला. आमच्याकडे तलावच तलाव, समुद्र मात्र नकाशात बघायचा. माझं शेवटचं पोस्टिंग अंदमानला होतं. मी प्रधान नाविक. त्याच जहाजावर आमच्या साकोली तालुक्यातला सुखदेव नान्हे नाविक म्हणून आला. ढिवराचं, मासेमाराचं पोर, पाण्यातच वाढलेलं. मला फार बरं वाटलं.

काम रोजचं ठरलेलं. रडार बघायचं, राखीव पाण्यात कोण घुसलं ते शोधायचं, पकडायचं. मासेमारीचे परदेशी ट्रॉलर स्वतःच्या नावावर काळा रंग फासून यायचे. समुद्राचा तळ खरवडून न्यायचे. कासवं म्हणू नका, अंड्यावरचे मासे म्हणू नका, काही सोडायचे नाहीत. सापडले की हात जोडायचे, सुटले की परत यायचे. चोर ते चोर, वर शिरजोर.

त्या सकाळी असाच एक दिसला. कॅप्टन साहेबांनी रेडिओवर बजावलं, "तुम्ही भारतीय हद्दीत आहात. थांबा. जाळं वर घ्या."

"इंजिन खराब," पलीकडून मोडक्या इंग्रजीत उत्तर आलं.

"बोर्डिंग पार्टी, बोट खाली सोडा," साहेबांनी हुकूम दिला.

ट्रॉलरवर चढायला आम्ही रबरी बोटीतून निघालो. सुखदेव पुढे बसला होता, हातात दोर. "दादा, इंजिन खराब आहे तं धूर कायचा निघून राहिला?" तो म्हणाला. तेवढ्यात ट्रॉलर गरकन वळला आणि थेट आमच्या अंगावर आला. धडकेनं सुखदेव पाण्यात फेकला गेला आणि ट्रॉलरखाली सापडला. साहेबांनी जहाजावरून ट्रॉलरपुढच्या पाण्यात गोळ्या झाडायला लावल्या, तेव्हा तो थांबला. सुखदेवला जहाजावर घेईपर्यंत त्याचा जीव गेला होता. ट्रॉलरवाले हात जोडून उभे होते. ते हात आठवले की आजही माझं डोकं तापतं.

त्याहून जास्त संताप गावात आला. निवृत्तीनंतर मी सुखदेवच्या गावच्या ग्रामसभेत गेलो. शाळेजवळच्या हुतात्मा स्तंभावर त्याचं नाव कोरा, एवढीच मागणी केली.

सरपंच म्हणाले, "भाऊ, बॉर्डरवर गेला असता तं गोष्ट अलग होती. हा तं मच्छीपायी गेला ना."

दोघंचौघं हसले. 

मागून सुखदेवचे वडील, गणबाजी, उठले. "तुमच्या वावराच्या धुऱ्यावर, बांधावर कोणी बित्ताभर नांगर घातला तं तुम्ही कुऱ्हाडी काढता. कोर्टात जिंदगी घालवता. समुद्राले धुरा नसते काय? माह्या पोरानं तोच राखला."

मग कोणी हसलं नाही. पण ठरावही झाला नाही. पुढच्या सभेत पाहू, म्हणाले. अजून पाहूनच राहिले आहेत.

मीही सोडलेलं नाही. दर ग्रामसभेत शेवटी उठतो आणि मोठ्यानं सांगतो : नाविक सुखदेव गणबा नान्हे, देशाच्या हद्दीवर, कर्तव्यावर असताना. तेवढं नाव पुरं होईपर्यंत गणबाजी उभे राहतात.