आर्डिसबाईंचा आकाशपाळणा

आर्डिस टोलेफ्सनबाईंनी उभ्या जन्मात आकाशपाळणा पाहिला तो खालून. मिनेसोटातल्या त्यांच्या गावची जत्रा ऑगस्टात भरते आणि चर्चचा कॉफीचा स्टॉल असतो नेमका पाळण्याच्या मागे. वरून पोराबाळांच्या किंकाळ्या यायच्या. बाई किटली हातात धरून क्षणभर मान वर करायच्या आणि पुन्हा पेले भरायला लागायच्या. दर वर्षी कुणी ना कुणी हाक मारायचंच, "आर्डिस, ये की बसायला!"

"छे गं, मला कुठला वेळ? तुम्ही जा."

आणि हाक मारणारी खरंच जायची. पाळण्याची रांग काही कुणासाठी थांबत नाही.

एरवी त्या गावात पहिल्या 'नको'ला कुणी भीक घालत नाही. पहिलं 'नको' रीत म्हणून म्हणायचं, दुसरं 'कशाला उगीच' म्हणून, आणि तिसऱ्यांदा आग्रह झाला की, "बरं, एवढं म्हणताय तर अर्धा कप." हो, अर्धाच. पूर्ण कप मागणारा माणूस त्या गावात अजून जन्मायचा आहे. ताटातला शेवटचा तुकडाही असाच. तो अर्धा होतो, पाव होतो, पण संपवायचं पाप कुणी करत नाही.

अशी सारी मंडळी यंदा चर्चच्या सहलीला बसने कॅनडात मॉन्ट्रियलला आली होती. बाईंचे यजमान मिल्टन घरीच राहिले. "शहर बघायचं म्हणजे काय, घरं आणि गर्दी," म्हणाले, आणि गाईंच्या धारा काढायला गेले. बाईंच्या शेजारी बसली होती त्यांची नणंद लव्हॉन. सकाळी बस बंदरावरून वळली आणि नदीकाठी भलामोठा पांढरा पाळणा सावकाश फिरताना दिसला. त्याच्या डब्यांना काचा होत्या. आज कॉफीचा स्टॉल नव्हता, रांगही नव्हती. आज बसायचंच, असं त्यांनी मनाशी ठरवलं, आणि ते अर्थातच कुणाला सांगितलं नाही.

वाटाड्या होती गिस्लेन नावाची तिथलीच एक चटपटीत बाई. लाल रुमाल गळ्याला, आवाज खणखणीत, आणि रंगमंचावर प्रवेश करावा तशी बसमध्ये चढायची. तिने सकाळभर चर्च दाखवलं, दगडी गल्ल्या दाखवल्या, दुपारी जेवायला नेलं. जेवताना वाढप्याने विचारलं, "कॉफी, मादाम?"

"नको नको," आर्डिसबाई म्हणाल्या.

"बरं," म्हणून तो गेला. सगळं टेबल 'नको' म्हणालं आणि सगळं टेबल कॉफीवाचून राहिलं. मंडळी एकमेकांकडे बघत बसली.

"परत येईल," लव्हॉन म्हणाली.

"येईल ना," ऑर्विल म्हणाला. ऑर्विल म्हणजे निवृत्त शेतकरी आणि मंडळींतला सर्वांत बोलका. म्हणजे तासातून दोनदा बोलणारा.

वाढपी आला तो बिल घेऊनच.

जेवण झाल्यावर बस पुन्हा बंदरावर उभी राहिली. गिस्लेनने टाळी वाजवली. "आता तासभर मोकळा आहे. पाळणा की बाजार? पाळण्यात कुणाला बसायचंय? हात वर!"

एकही हात वर गेला नाही.

"आम्हाला काय, काहीही चालेल," पुढून कुणी म्हणालं.

"बाकीच्यांचं बघा," मागून कुणी म्हणालं.

गिस्लेनची नजर आर्डिसबाईंवर गेली. बाईंचं नाक खिडकीच्या काचेला टेकलं होतं. "मादाम, तुम्हाला जायचंय का?"

"मला? छे छे! माझ्यासाठी नको हं काही."

"ठीक आहे. मग बाजार!" आणि गिस्लेनने ड्रायव्हरला खूण केली.

बाई थांबल्या होत्या ती दुसऱ्यांदा विचारेल म्हणून. गाडी सुरू झाली. आता विचारेल. गाडी वळली. आता तरी... गिस्लेन मात्र तिकडे बाजारातल्या चीजचं कौतुक सांगायला लागली होती. पाळणा खिडकीतून मागे मागे सरकत चालला.

लव्हॉनने कोपर मारलं. "काय गं? चेहरा का पडलाय?"

"काही नाही."

"आर्डिस, लग्न झाल्यापासून तुझं 'काही नाही' ऐकतेय मी."

आणि आर्डिसबाई उठल्या. चर्चच्या तळघरात दोनशे माणसांच्या कलकलाटावरून 'कॉफी तयार आहे' ही हाक पोचवणारा तो आवाज बसच्या शेवटच्या बाकापर्यंत न चुकता गेला.

"मला पाळण्यात बसायचंय!"

चर्चमध्ये कुणी शिवी हासडावी तशी शांतता पसरली. बाईंचे कान लालबुंद झाले. खाली बसावं असं वाटलं, पण त्या उभ्याच राहिल्या.

गिस्लेन वळली. "अहो, मग मघाशी का नाही म्हणालात?"

"तुम्ही एकदाच विचारलंत," बाई अगदी खरं ते बोलल्या.

गिस्लेनला ते काही उलगडलं नाही, पण तिने ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. बस थांबली. तेव्हा ऑर्विल खाकरला. "आता आर्डिस एकटी कशी जाणार? सोबत म्हणून मी येतो."

"मग मीही, सोबत म्हणून."

"आम्हीही आलो असतो, म्हणजे तिची अडचण होणार नसेल तर."

बघता बघता अख्खी बस रिकामी झाली. आर्डिसबाईंच्या सोबतीला इतकी माणसं रांगेत उभी राहिली की गिस्लेनने कपाळाला हात लावला. "म्हणजे तुम्हा सगळ्यांनाच बसायचं होतं?"

सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते, मोठ्या प्रसन्न चेहऱ्यांनी.

लव्हॉनला उंचीची भीती. तरी ती डब्यात चढली, डोळे घट्ट मिटून घेतले आणि भावजयीचा दंड धरला. डबा हलला, जमीन सुटली.

"वर आलो का गं?"

"अजून नाही. आत्ता छपरं दिसतायत. हिरवी पडलीत, जुन्या तांब्याची असावीत. आता नदी... अगं, नदी केवढी आहे! आपल्या तळ्यासारखी पन्नास मावतील. पूल दिसतोय. त्याच्यावरून गाड्या चालल्यात, मुंग्यांसारख्या."

"मला सांगू नकोस."

"बरं."

मग लव्हॉनचा एक डोळा किलकिला झाला. "जहाज आहे का?"

"आहे. लाल. धूर सोडतंय."

"कुठे?"

आणि आर्डिसबाईंनी नणंदेची हनुवटी धरून, लहान मुलीची धरावी तशी, हळूच नदीकडे वळवली.

पलीकडच्या डब्याच्या झरोक्यातून ऑर्विल ओरडला, "वाईट नाही हं, आर्डिस!" त्यांच्या गावात याहून मोठी स्तुती कुणी कधी ऐकलेली नाही.

डबा सगळ्यात वर जाऊन क्षणभर थबकला. खाली जत्रा नव्हती, किटली नव्हती, कुणाचा पेला रिकामा नव्हता. आर्डिसबाई काचेला दोन्ही तळवे टेकवून मोठ्यांदा हसल्या.