घट्ट झाकणाचा डबा

सून स्वयंपाकघरात आली, एक पाऊल आत टाकलं आणि तोंडावर हात दाबून तशीच मागच्या मागे न्हाणीघराकडे पळाली. काकू ओट्याशी बटाटे सोलत होत्या. सुनेला दिवस गेले होते, त्यामुळे पळापळीचं कुणाला नवल नव्हतं. पण ती तोंड धुऊन परत आली आणि दारातूनच म्हणाली, "आई, त्या डब्यात काहीतरी मेलंय! तुम्ही इथे उभ्या तरी कशा राहता?"

कचऱ्याचा डबा काकूंच्या पायाशी होता, अगदी वीतभर अंतरावर. सकाळपासून त्या तिथेच उभ्या होत्या. त्यांनी झाकण उचललं. कोबीच्या पाल्याखाली परवाची कोळंबीची टरफलं होती, आणि त्यांची पार वाट लागली होती.

"अगं, मला वाटलं बाहेरून येतोय वास," काकू म्हणाल्या.

साफ खोटं. त्यांना कुठूनच वास येत नव्हता. थंडीत ताप येऊन गेला तेव्हापासून नाही. आधी त्यांना वाटलं, सर्दी आहे, जाईल. सर्दी गेली, पण वास काही परत आला नाही. सकाळची कॉफी म्हणजे नुसतं गरम, कडू पाणी. साबण, अगरबत्ती, नवऱ्याचा घामट शर्ट, सगळं सारखंच, बिनवासाचं.

दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं. पण काकूंचं पोट नाकावर चालत होतं. एका मोठ्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये त्या मुख्य स्वयंपाकीण होत्या आणि तिथे त्यांच्या नाकाचा दबदबा होता. एकदा त्यांनी दुधाचा कॅन नुसता उघडून परत पाठवला होता. दूधवाल्याने कटकट केली आणि दुपारपर्यंत ते दूध खरंच फाटलं. एकदा भिंतीतली वायर जळायला लागल्याचं सगळ्यांच्या आधी त्यांना कळलं होतं. मॅनेजर नव्या माणसांना सांगायचा, "काकूंनी नाक मुरडलं की तो माल आत येत नाही. विषय संपला."

आता त्या नाकाचं काय झालंय हे कुणाला सांगायची सोय नव्हती. काकूंनी युक्त्या काढल्या. दुधाचा कॅन आला की भाजी चिरणाऱ्या बाईला हाक मारायच्या. "ये गं, बघ बरं कसं वाटतंय? शिकून घे जरा." ती बिचारी मन लावून हुंगायची आणि ती जे म्हणेल त्यावर काकू गंभीरपणे मान डोलवायच्या. कांदा परततानाही कढईवरून नजर हटू द्यायच्या नाहीत, कारण तो करपला तरी त्यांना डोळ्यांनीच कळणार होतं. घरातून निघताना गॅसची बटणं चाचपायच्या, जिना उतरायच्या, आणि अर्ध्या वाटेतून परत वर येऊन पुन्हा चाचपायच्या. नवरा म्हणायचा, "काय विसरलीस?" त्या म्हणायच्या, "छत्री." आकाशात ढग नसला तरी.

कोळंबीचं खापर डब्यावर फुटलं ते बरंच झालं. डबा होताच जुना. पायाने दाबायची पट्टी मोडलेली, झाकण एका बाजूला कललेलं. "नवाच आणू या," काका म्हणाले आणि लगेच उत्साहात आले. आयुष्यभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. स्प्रिंग, बिजागरी, झाकण हे त्यांचे जिव्हाळ्याचे विषय.

काकूंच्या मनात मात्र एकच गोष्ट पक्की होती. झाकण असं हवं की आतला वास कुणालाच येऊ नये. म्हणजे आपल्याला येत नाही हे कुणाला कळणार नाही.

घरसामानाच्या दुकानात डब्यांची एक आख्खी भिंत होती. झुलत्या झाकणाचे, पायपट्टीचे, हात पुढे केला की आपोआप उघडणारे. काका एकेकाची पट्टी दाबून बघत होते. "ही सहा महिन्यांत जाणार. ही बरी आहे. हे झाकण बघ, कसं हळू बसतं!" काकू प्रत्येक झाकणाच्या कडेवरून बोट फिरवत होत्या. कुठे फट आहे? इथे आहे. इथेही आहे.

"घट्ट झाकणाचा पाहिजे ना ताई? मग इकडे या," दुकानदार म्हणाला. माणूस हौशी होता. त्याने कोपऱ्यातला एक उंच डबा पुढे ओढला. "याला दोन झाकणं आहेत, एक बाहेरचं, एक आतलं. लोकांचा विश्वास बसत नाही, म्हणून मी आत मुद्दाम सडकी मासळी ठेवलीय. घ्या वास! येतोय?"

"अजिबात नाही," काका म्हणाले.

"आता बाहेरचं उघडतो. आतलं बंदच आहे. आता?"

"कमाल आहे, तरी नाही!"

काकू खाली वाकल्या. आत त्यांना काळं काहीतरी दिसलं, वाटी असावी. काका मागे कुणाला तरी "सरका जरा" म्हणत होते. काकू आणखी वाकल्या आणि मन लावून हुंगलं. मग वर बघत म्हणाल्या, "खरंच हो. काही म्हणजे काहीच येत नाही. हाच द्या."

दुकानदार त्यांच्याकडे बघतच राहिला. त्याच्या हातात आतलं झाकण होतं. ते त्याने केव्हाच काढलं होतं. मागे काका नाकाला रुमाल लावून उभे होते, आणि शेजारची बाई तर गल्ली सोडून पलीकडे गेली होती.

"ताई, उघडाच आहे तो," दुकानदार हळूच म्हणाला.

काकूंचा चेहरा उतरला. "हो, म्हणजे... सर्दी झालीय मला," त्या पुटपुटल्या. काकांनी रुमाल खिशात घातला, त्यांचा दंड धरला आणि दोघं दुकानाबाहेरच्या बाकावर येऊन बसली.

"कधीपासून?" काकांनी विचारलं.

"थंडीतल्या तापापासून."

"आणि मला बोलली नाहीस?"

"बोलून काय होणार होतं? नाक काय तुमची लिफ्ट आहे, स्क्रू पिळला की चालू?"

काका हसले नाहीत. एकदम वळले. "गॅस गं? गॅस सुटला तर?"

"तेच तर!" काकूंचा आवाज फुटला. "रोज तेच डोक्यात असतं. दुपारी कॅन्टीनमधून येऊन झोपले की दचकून उठते. पोर पोटुशी आहे, घरात दोघीच असतो. आणि कॅन्टीनमध्ये कळलं तर? जिला वासच येत नाही, ती स्वयंपाकीण कसली? उद्या माझ्या हातून खराब दूध गेलं आणि लोक आजारी पडले तर? सांगायलाही भीती वाटते आणि न सांगायलाही."

काकांनी रुमाल काढला, घडी केली, मोडली, पुन्हा केली. ते बघून काकूंना पहिल्यांदाच कळलं की आपण एकट्याच घाबरलेल्या नाही.

"आधी घरी सांगू," ते म्हणाले. "मग कॅन्टीनमध्ये. मी येतो सोबत."

"तुम्ही नका येऊ. माझं मी सांगेन." डोळे पुसून काकू उठल्या. "पण डबा घेऊन जाऊ. तो घट्ट झाकणाचा मात्र नको. त्यात आठवडाभर सडत राहील आणि घरात कुणालाच पत्ता लागणार नाही. लहान घेऊ, रोज संध्याकाळी रिकामा करावाच लागेल असा. भरो न भरो."

दुकानदाराने तोंड वाकडं करून एक छोटा, साध्या झाकणाचा डबा बांधून दिला. काकांनी त्याची बिजागरी दोनदा तपासली.

घरी आल्यावर त्यांनी सुनेला सगळं सांगितलं. काकूंना वाटलं, चिडली. चिडणारच, तिच्या पोटातल्या जिवाचा प्रश्न होता. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आई, मी म्हणायचे वास येतोय आणि तुम्ही दर वेळी म्हणायचात, कुठे येतोय? मला वाटायचं, मी नाटकं करते असं तुमच्या मनात आहे. आईला फोन करून रडलेसुद्धा मी."

आपलं गुपित आपल्यालाच खातंय, असं काकू धरून चालल्या होत्या. त्यांनी सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आता तूच माझं नाक. फक्त दर वेळी पळत जाऊ नकोस."

कॅन्टीनमध्ये इतकं सोपं गेलं नाही. मॅनेजर पेन फिरवत राहिला. "म्हणजे इतके दिवस दूध कोण बघत होतं?" काकूंनी भाजी चिरणाऱ्या बाईकडे बोट दाखवलं. ती आधी चमकली, मग तिचा चेहरा पडला. "म्हणजे तुम्ही मला शिकवत नव्हता?"

"शिकवत नव्हते," काकू म्हणाल्या, "पण तू शिकलीस. एकदाही चुकली नाहीस."

काकूंची नोकरी राहिली. पण त्या दिवसापासून येणारा माल तपासायचा तो त्या बाईने. मॅनेजर नव्या माणसाला तिच्याकडे पाठवायला लागला, तेव्हा काकूंना आत कुठेतरी टोचलं. घरी आणि कॅन्टीनमध्ये गॅस सुटला की कर्कश ओरडणारी यंत्रं बसली. काका दर रविवारी शिडीवर चढून घरचं यंत्र वाजवून बघायचे आणि सून कानांवर हात ठेवायची.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तापाने आतल्या नसा दुखावल्यात. वास परत येईल, नाहीतर नाही येणार. रोज लवंग, लिंबू असलं काहीतरी लक्ष देऊन हुंगायचं. काकू रोज हुंगायच्या. लवंगेत काही नाही, लिंबात काही नाही.

उन्हाळा सरत आला होता. एका दुपारी काकूंनी कॉफी करून कप तोंडाशी नेला आणि तो त्यांच्या हातून निसटताना वाचला.

"अहो! अहो, इकडे या! वास आला!"

काका धावत आले. "कसला? गॅसचा?"

"कॉफीचा. जळक्या रबरासारखा. शी, काय घाण आहे!"

काकांनी कप घेऊन हुंगला. "मला तर झकास येतोय."

"तुम्हाला येऊ दे हो! मला घाण येतेय, घाण!" डोळ्यांतून पाणी वाहत असताना काकूंनी कप परत ओढून घेतला. असा उलटासुलटा वास येणं हे बहुतेक वेळा चांगलं लक्षण असतं, पण खात्री देता येत नाही, असं डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या. त्या दुपारी काकूंना ते माहीत नव्हतं. त्यांनी नाक कपात घातलं, तोंड वेडंवाकडं केलं, आणि परत घातलं.