मिस्त्रींची अवसेची फळी

…आणि साजगावच्या लोहाराला तर मिस्त्रींनी शेजारी बसवून, त्याच्या हातात छिन्नी देऊन सगळं दाखवलं, हे मी अजून विसरलेलो नाही. गिरणीच्या जाळीतल्या ज्या तिरक्या फटीसाठी आम्ही वीस दिवस पत्रे फाडले, ती त्यांनी एका दुपारी एका विडीवर देऊन टाकली. वर मलाच म्हणाले, "सदू, पाव्हण्याला चहा आण रं." हे बरोबर झालं नाही असं मी तेव्हा म्हणालो. हावड्याला आल्यावर चार वर्षं तेच म्हणत राहिलो. गेल्या महिन्यात कडावच्या गुरुजींचं पत्र आलं, तोवर म्हणत होतो.

गौरवाच्या पुस्तकात लेखाची सुरुवात अशी करत नाहीत, हे मला कळतं. पण गुरुजींनीच लिहिलं, की श्री. भिकाजी मिस्त्री यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत, शेतकरी मंडळी पुस्तक काढणार आहेत, तर त्यांच्या हाताखाली काम केलेल्या प्रत्येकाने काही लिहावं, "जसं बोलतोस तसं लिही." माझं शिक्षण मराठी तिसरीपर्यंत. तेव्हा शुद्धलेखन गुरुजींनी खुशाल सुधारावं. मजकूर मात्र सुधारू नये, एवढी विनंती आहे. का, ते पुढे येईल.

मिस्त्रींची आणि माझी पहिली ओळख भाताच्या पोत्याखाली झाली. कडावच्या गिरणीत मी हमाली करत होतो. गिरणीच्या मागच्या छपरात मिस्त्रींचं दुकान. गिरणीचं काही बिघडलं की ते येत. एकदा पोतं पाठीवर असतानाच मी सहज बोललो, "डाव्या बाजूला कायतरी कण्हतंय." बाकीचे हसले. एकाने विचारलं, वैद्य लागून गेलास काय. मिस्त्रींनी मात्र पट्टा काढायला लावला, खाली वाकले आणि मला म्हणाले, "कुठनं कण्हतंय? हात लावून दाव." मी पोतं टाकलं आणि दाखवलं. धुऱ्याखालचं बूश, म्हणजे धुरा ज्यात फिरतो ती कडी, खरंच घासलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या दुकानात होतो. तोवर मला कोणी काही विचारलं नव्हतं. नाव विचारलं असेल, तेही हजेरीपुरतं.

ज्यांनी गिरणी आतून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. भात सडायच्या गिरणीत एक लोखंडी रूळ फिरतो. त्याच्याखाली फटी पाडलेला जाड पत्रा असतो, त्याला आम्ही जाळी म्हणतो. भात रुळावर घासतं, कोंडा जाळीतून खाली पडतो, तांदूळ तोंडातून बाहेर येतो. ही जाळी विलायतेहून यायची. लढाई सुरू झाली आणि ती यायची बंद झाली. कर्जत-खालापुरातल्या गिरण्या जुन्या झिजलेल्या जाळ्यांवर कशाबशा चालल्या, आणि तांदळाची नुसती कणी व्हायला लागली. त्यात धान्य मोजून मिळण्याचे दिवस. घरातल्या बाया सूप घेऊन दारात येत आणि आम्हाला शिव्या देत. मिस्त्रींनी ठरवलं, जाळी आपण करायची. तेलाच्या पिंपाचा पत्रा, छिन्नी, कानस आणि मिस्त्री धरून आम्ही पाच माणसं. दुसरं काही नव्हतं.

आता त्यांच्या कामाची रीत. आपल्याकडचा कारागीर अवसेला हत्याराला हात लावत नाही. मिस्त्रीही लावत नसत. पण ते दुकान बंद ठेवत नसत. म्हणायचे, "हत्यारं निजलीत, आपली तोंडं जागीच हायत." सगळ्यांनी गोल बसायचं आणि महिनाभरात दिसलेली एकेक खोट सांगायची. नियम एकच. खोट यंत्राची सांगायची, माणसाची नाही. ज्याची खोट खरी निघेल त्याची खूण मिस्त्री कोळशाने भिंतीवरच्या फळीवर काढायचे, कारण आमच्यात लिहिता येणारे थोडे. इंजिनवाल्या कासमभाईंचं चाक. मला मासे धरायचा नाद, म्हणून माझा गळ.

"कासमभाई, बोला."

"इंजिन तापतंय."

"ते तर दर अवसेला तापतं."

"मग मी दर अवसेला सांगनार. तुमी पाण्याची टाकी मोठी करा, मी बोलनं बंद करतो."

"म्हंजे टाकी करूच नये," मिस्त्री म्हणाले, "नायतर अवसेला बोलनार कोन?"

टाकी पुढच्या अवसेच्या आत झाली. फळीवर चाक उमटलं.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. माझ्या हातून मोठी कानस मोडली. लढाईच्या दिवसांत तशी कानस पैसे टाकूनही मिळत नव्हती. मी दोन तुकडे घेऊन उभा, आता दुकानाबाहेर जायचं एवढंच डोक्यात. मिस्त्रींनी तुकडे पाहिले आणि कोपऱ्यात ठेवले. त्या अवसेला पहिली खोट त्यांनीच सांगितली, "कानशीची मूठ बारीक हाय. घामाच्या हाताला सटकते." सगळ्या कानशींना जाड मुठी बसवल्या. मी मोडली, हा शब्द कोणाच्या तोंडून आला नाही. मार बसला असता तर मी विसरलो असतो. हे विसरता आलं नाही.

इथे हावड्याला मी लोखंड ओतायच्या कारखान्यात आहे. हे माझं चौथं काम. एका जागी मन लागत नाही. पहिल्याच महिन्यात साच्यात ओल राहिलेली मला दिसली आणि मी मुकादमाला सांगितलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं जसं एखादं पोतंच बोललं. ओतकाम फुटलं, एका माणसाचा पाय भाजला, आणि तरीही मला कोणी विचारलं नाही की तुला आधी कसं कळलं. त्या दिवशी मी फार हबकलो. शेकडो माणसं काम करतात आणि कोणाचंच ऐकायची सोय नाही. कडावच्या छपरात पाच माणसांत जे होत होतं, ते सगळीकडे होतं अशी माझी समजूत होती.

आता तिरक्या फटीचं.

आम्ही आधी विलायती जाळीसारख्याच सरळ फटी पाडल्या. कणी कमी होईना. मग एका अवसेला मी सांगितलं, "फटी तिरक्या पाडून बघू. घिरटाचे दात तिरके असतात, तसे." घिरट म्हणजे घरात भात भरडायचं जातं. मिस्त्री म्हणाले, "हे तुला कसं सुचलं रं?" मी म्हणालो, "सुचलं."

त्यांनी लगेच मान डोलावली नाही. दोन जाळ्या केल्या, एक सरळ फटीची, एक तिरक्या. एकाच शेतातलं भात, दोन्हींतून एकेक पायली काढायचं. तांदूळ दोन सुपांत भरून, कुठलं कशातलं ते न सांगता, दारात आलेल्या बायांकडून पाखडून घ्यायचा. जाड भात, बारीक भात, ओल धरलेलं भात, सगळं करून पाहिलं. वीस दिवस. प्रत्येक वेळी बायांनी कमी कणीचं म्हणून तिरक्या फटीचंच सूप उचललं. तेव्हा कुठे फळीवर एक तिरकी रेघ आली आणि तिच्यापुढे माझा गळ.

एका गिरणीवाल्याने खूश होऊन मिस्त्रींना एकवीस रुपये दिले. त्यांनी ते सगळ्यांसमोर जसेच्या तसे माझ्या हातावर ठेवले. साजगावचा लोहार शिकून गेला तो त्यानंतर. मग आणखी कुठकुठले आले. मी भांडलो. म्हणालो, "माझी चीज, तुमी गावभर वाटता. जाळीवर माझं नाव घाला." मिस्त्री म्हणाले, "सदू, तांदूळ मोडायचा थांबला ना? मग बास." मी त्याच आठवड्यात निघालो. ते एकवीस रुपये गाडीभाड्याला कामी आले.

आणि आता गुरुजींचं पत्र. त्यांनी लिहिलं, की पुस्तकासाठी माहिती हवी म्हणून मिस्त्रींनी समितीसमोर फळी खाली काढली आणि एकेक खूण कोणाची ते सांगितलं. तिरक्या रेघेशी आल्यावर म्हणाले, "ही सदूची. माझे हात आता कापतात. सदूला बोलवा. ही फट ज्याच्या डोक्यातनं आली त्याच्या हातात मी दुकान देनार, तसं पुस्तकात छापा." गुरुजी पुढे लिहितात, की दाराशी ठाकूरवाडीची बुधी सूप घेऊन बसली होती. ती म्हणाली, "व्हय, सदूच बोलला व्हता."

हे वाचून मी पत्र खाली ठेवलं. त्या दिवशी कामावर गेलो नाही. हाताला घाम सुटला होता, अगदी कानस मोडली तेव्हासारखा.

बुधीबाई खोटं बोलल्या नाहीत. अवसेला बोललो मीच होतो, हे गिरणीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते मला सुचलं नव्हतं.

बुधीबाई गिरणीच्या अंगणात रोजावर तांदूळ पाखडायला यायच्या. आम्ही त्यांना 'अगं बुधी' म्हणायचो. इथे मी बुधीबाई लिहितो, ते गुरुजींनी तसंच ठेवावं. अवसेच्या दोन दिवस आधी, दुपारच्या भाकरीच्या वेळी त्यांनी मला हाक मारली. सूप पुढे केलं.

"पोरा, हे बग. तांदूल कुठं मोडतंय ते सूप सांगतंय."

"सुपाला तोंड फुटलं काय?"

"तुजं डोलं फुटलं नसंल तर बग ना. हे टोकं मोडलेलं हायत, मधनं नाय. फटीत आडकतंय नि मोडतंय. आमच्या घिरटाचं दात तिरकं असतात. दाना घसरून जातंय. तुमी सरळ कशाला पाडलीत?"

"विलायतेत तशीच असते."

"मग विलायतेत कनीच खात असतील," असं म्हणून त्या हसल्या आणि पाखडायला लागल्या.

एवढंच. मिस्त्रींनी मला केव्हापासून सांगून ठेवलं होतं, "अवसेला वाडीवरच्या बायांना पन बोलव रं, तांदूळ त्याच बघतात." अवसेला गिरणी बंद, रोजाचे पैसे नाहीत, म्हणून त्या आपणहून येत नसत. निरोप द्यायचं काम माझ्याकडे होतं. मी दिला नाही. एकदाही नाही. मिस्त्रींनी विचारलं तर म्हणायचो, "त्या यायच्या नायत, त्यांना काय कळतंय." त्या अवसेला तर मुद्दाम दिला नाही.

वीस दिवस ज्या बायांनी डोळे झाकून तिरक्या फटीचं सूप उचललं, त्यांत बुधीबाईही होत्या. त्यांना ते कशाचं सूप आहे हे कोणी सांगितलं नव्हतं, पण त्यांना ठाऊक असणार. त्या माझ्याकडे बघून काहीच बोलल्या नाहीत. मला वाटलं विसरल्या. चार वर्षं मी मिस्त्रींना बोल लावला की त्यांनी माझी चीज लोकांना वाटली. आता वाटतं, मी एवढा ओरडत होतो तो त्यांच्यावर नव्हे.

म्हणून समितीला विनंती, की ते पान छापायच्या आधी थांबवावं. फळीवरचा माझा गळ पुसावा आणि तिथे सूप काढावं. त्याखाली बुधीबाई, ठाकूरवाडी, असं लिहावं. मिस्त्रींच्या रीतीत माणसाची खोट सांगायची नसते. ही एक अवस त्यांनी मला माफ करावी.

दुकानाचं काय ते मिस्त्रींनी ठरवावं. तिरक्या फटीच्या जोरावर ते मला मिळणार होतं, आणि तो जोर माझा नव्हता. बोलावलं तर मी येईन. पोती उचलायला लावली तरी येईन. नाही बोलावलं तर त्यांनी अन्याय केला असं म्हणायला मला आता तोंड नाही.

मिस्त्रींविषयी लिहायला बसलो आणि स्वतःविषयीच फार लिहिलं. पण त्यांचा मोठेपणा मला यातच दिसतो. यंत्र एकट्याचं नसतं, हे त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवशी त्यांनी पोत्याखालच्या हमालाचं ऐकलं. सुपामागच्या बाईचंही त्यांना ऐकायचं होतं. मध्ये मी उभा राहिलो. एवढी एकच खोट त्यांना सापडली नाही, कारण ते माणसाची खोट शोधत नव्हते.

त्यांचे हात कापतात हे वाचून वाईट वाटलं. हात कापले तरी हरकत नाही, छिन्नी आम्ही धरू. त्यांची नजर आणि ऐकणं असंच शाबूत राहो, शंभर वर्षांच्या अवसा त्यांच्या त्या छपरात भरोत, आणि पुढच्या अवसेला वाडीचा निरोप त्यांनी कोणाकडे न देता स्वतः जाऊन द्यावा.

सोबत मनिऑर्डर पाठवली आहे. ती पुस्तकाच्या वर्गणीत धरू नये. मिस्त्रींनी ती अवसेला, सगळे गोल बसलेले असताना, बुधीबाईंच्या हातावर ठेवावी, जसे पैसे त्यांनी एकदा माझ्या हातावर ठेवले होते. रुपये एकवीस.