पॉइंटांची भिशी

आमच्या धंद्यात पॉइंट म्हणजे भिंतीतला पॉइंट. दिव्याचा एक, पंख्याचा एक, टीव्हीचा एक. घर बांधणारा विचारतो, पॉइंटमागं काय घेणार, आणि आपण भाव सांगतो. आठवीतून शाळा सोडली तेव्हापासून मी पॉइंटच मोजत आलोय. त्यामुळे मंचरच्या बँकेतल्या मॅडम म्हणाल्या की या कार्डावर माल घेतला की तुम्हाला पॉइंट मिळतील, तेव्हा मी सरळ विचारलं, "कुणाच्या घरचे?"

त्या हसल्या नाहीत. हे मी विसरलेलो नाही. मागं रांग असताना त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. कार्ड दुकानाच्या नावावर. माल त्याच्यावर घ्यायचा, बिल मुदतीत भरायचं, बँक त्याबद्दल पॉइंट देते आणि ते पॉइंट विमान कंपनीकडं वळवले की तिकीट मिळतं. मुदत चुकली तर मात्र असं व्याज लागतं की पॉइंटांचं कौतुक तिथंच संपतं. मला हे शेवटचं वाक्यच तेवढं पक्कं ऐकू आलं. घरी येऊन कार्ड मी देवाच्या फोटोमागं ठेवून दिलं. बरेच दिवस ते तिथंच होतं. शेवटी बायको म्हणाली, देवाला काही द्यायचंच असेल तर नारळ द्या, त्याला बँकेचं कार्ड कशाला?

मी मूळचा इथला नाही. गोंदियाकडचा, भाताच्या मुलखातला. एका ठेकेदाराबरोबर कोल्ड स्टोरेजच्या वायरिंगला म्हणून मंचरला आलो. काम संपलं, ठेकेदार निघून गेला, मी राहिलो. आधी दुसऱ्याच्या हाताखाली, मग हायवेलगत एक गाळा घेऊन इलेक्ट्रिक आणि हार्डवेअरचं दुकान. गाळेमालकांनी डिपॉझिट मागितलं नाही, म्हणाले, जमेल तेव्हा द्या. अशा लोकांच्या जिवावर माणूस परमुलखात उभा राहतो. तरी माझा स्वभाव भित्रा. शटर लावून घरी निघालो की अर्ध्या वाटेवरून परत येऊन कुलूप ओढून बघणाऱ्यांतला मी. इथले लोक मला अजून 'पावणं' म्हणतात, आणि गावी गेलो की भाऊ माझं 'लई' ऐकून हसतो.

कार्ड वापरायला लागलो ते वायरची बंडलं संपली तेव्हा. बिलाचा मेसेज आला की त्याच दिवशी भरून टाकायचो, मुदत कितीही लांब असो. संध्याकाळी ॲप उघडून पॉइंट बघायचे. वाढत होते, पण एका लहान दुकानाच्या मालावर ते वाढून वाढून किती वाढणार?

दुकानात तिघं रोज चहाला यायचे. एक येडगावचा प्लंबर. घरात अजून थोडी मेंढरं आहेत, पण हा पडला नळाच्या कामात. दुसरा बोरी बुद्रुकचा पंपवाला, विहिरीतल्या मोटारी काढून दुरुस्त करणारा. तिसरा मंचरचाच रंगारी. तिघं आपापला माल कधी चाकणहून, कधी पुण्याहून आणायचे. एकदा मी ॲप बघत बसलो होतो तेव्हा पंपवाल्यानं विचारलं, काय एवढं रोज उघडून बघता. मी सांगितलं. तो चहाचा कप खाली ठेवून म्हणाला की मग आमचा माल बी तुमच्या दुकानातनंच घेतो. पाईप, पंप, रंग, सगळं तुम्ही कार्डावर मागवा, आम्ही उचलताना जागेवर पैसे देतो. पॉइंट साठले की आळीपाळीनं एकेकाचं तिकीट. "भिशीच की ही," तो म्हणाला. "पैशाची न्हाई, पॉइंटाची."

हे ऐकून मला काय वाटलं ते कसं सांगू. मंचरमध्ये भिशा चिकार चालतात. दर महिन्याला सगळ्यांनी ठरलेली रक्कम टाकायची आणि ज्याची चिठ्ठी निघेल त्यानं सगळी उचलायची. पण उचलून पळून जाणाऱ्याचं गाव माहीत हवं, भाऊबंद माहीत हवेत. म्हणून परमुलखातल्या माणसाला भिशीत सहसा घेत नाहीत, आणि त्यांचं काही चुकत नाही. मला आजवर कुणी घेतलं नव्हतं. आता घेतलं, वर भिशी चालवायची तीही मीच, कारण कार्ड माझं. त्या दिवशी दुकानाचं कुलूप मी नेहमीपेक्षा जास्त वेळा ओढून बघितलं.

त्याच सुमारास आमचं घर पुरं होत आलं होतं. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं एक लहान खोली. ती आईसाठी. आई गावी भावाजवळ असते. मी इकडं आल्यापासून ती एकदाही आली नव्हती. आधी वडिलांचं दुखणं होतं, मग ते गेले, आणि मग तिची कंबर गेली. तास-दोन तास बसली की तिला उठता येत नाही. आमच्या गावाहून इथं यायचं म्हणजे रेल्वे आणि मग गाडी, एक दिवस आणि एक रात्र. वास्तुशांतीची तिथी निघाली तेव्हा फोनवर सांगितलं, तर तिनं आधी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही दोघं बसा पुजेले. मी इथूनच हात जोडतो." आमच्याकडं बायकाही 'मी जोडतो' असंच म्हणतात.

नागपूरहून पुण्याला विमान दीड तासात येतं. आई दीड तास बसू शकते. आणि ॲपमधले पॉइंट तोवर एका माणसाला एका बाजूनं पुरतील इतके झाले होते.

पण ते पॉइंट चौघांचे होते. माझ्या खात्यात होते म्हणून माझे होत नव्हते. त्यांच्या पाइपांचा, पंपांचा, रंगांचा हिस्सा माझ्याहून मोठाच होता. पैसे देऊन तिकीट काढायचं तर घरानं सगळं ओढून घेतलेलं, फरशीवाल्याला आजचा उद्या करत होतो. मी ठरवलं, नियमानं जायचं. एका रविवारी दुपारी चार चिठ्ठ्या लिहिल्या, नीट घड्या घातल्या आणि रंगाच्या डब्याच्या झाकणात टाकून तिघांपुढं ठेवल्या. तिघांनी एकमेकांकडं बघितलं. मला वाटलं, कामाची घाई असेल. रंगाऱ्यानं चिठ्ठी उचलली. नाव प्लंबरचं निघालं.

प्लंबर इतका खूश झाला की त्यानं माझ्याच पैशानं सगळ्यांना भजी खाऊ घातली. मेंढरांमागं डोंगरावर फिरायचा तेव्हापासून तो वरून जाणारी विमानं बघत आलाय. मेंढरं कधी वर बघत नाहीत, माणसानं तरी बघावं, असं त्याचं म्हणणं. त्याला कुठं जायचं असं काही नव्हतं. "उडालं पायजे, बास. जाईन इमानानं, येईन रेल्वेनं." मी हसलो. माझी भजी मात्र मी रंगाऱ्याकडं सरकवली. आईचं मी कुणाला बोललो नव्हतो, आणि आता बोलणं म्हणजे त्याच्या तोंडातून घास काढणं. घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, तुम्ही मागितलं का? मी म्हणालो, मागायचं कसं.

दुसऱ्या दिवशी रंगारी आमच्या घरी मागच्या खोलीला रंग द्यायला आला. त्यानं रंग विचारला तेव्हा बायको म्हणाली, सासूबाईंची खोली आहे, त्यांना पऱ्ह्यांचा रंग आवडतो. पऱ्हे म्हणजे भाताची कोवळी रोपं, लावणीआधीची. कांद्याच्या मुलखातल्या रंगाऱ्याला तो रंग कसा माहीत असणार? त्यानं भिंतीवर तीन हिरव्या पट्ट्या मारल्या, बायकोनं तिसरी निवडली. पट्ट्या सुकेपर्यंत त्यानं विचारलं, म्हातारी येणार कधी, आणि बायकोनं त्याला सगळं सांगून टाकलं.

दोन दिवसांनी प्लंबर दुकानात आला. नळाचा एक एल्बो, वळणावरचा जोड, मागितला, हातात फिरवत उभा राहिला.

"पावणं, भिशी कधी केली व्हती का याआधी?"

मी म्हणालो, नाही, तुम्हीच पहिले घेतलंत.

"तरीच. आवो, पहिली भिशी चालवणाऱ्याची असती. चिठ्ठी टाकायची ती दुसरीपासनं. सगळ्या भिशीत आसंच आसतं."

मला हे खरोखरच माहीत नव्हतं. मी विचारलं, मग त्या दिवशी बोलला का नाहीत?

"तुमी इतक्या ऐटीत घड्या घालून आणल्या, कोण बोलणार? आमाला वाटलं, पहिली सोडतोय म्हंजी हा माणूस एक तर लई श्रीमंत झालाय, नायतर भिशी मोडून गावाला पळतोय."

मी म्हणालो, पण चिठ्ठी तुमची निघालीय, तुम्हाला किती हौस आहे ते मी बघितलंय. त्यानं एल्बो खिशात टाकला.

"आईला आणा राव. माझं इमान कुठं जातंय? वरच हाय ते."

आणि एल्बोचे पैसे न देता गेला. ते मी मागितले नाहीत.

मग खरी धाकधूक सुरू झाली. बँकेचे पॉइंट विमान कंपनीच्या खात्यात वळवायचे होते, आणि वळवण्याआधी ॲप बजावून सांगत होतं की एकदा गेले की परत येणार नाहीत. बायकोनं इंग्रजी अक्षरं बोट ठेवून वाचली, मी बटण दाबलं. बँकेतून पॉइंट गेले. विमान कंपनीकडं आलेच नाहीत. ना इकडं, ना तिकडं. चार माणसांचा माल, प्लंबरची हौस, आईची खोली, सगळं मध्ये कुठंतरी लटकलेलं. मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या, दोन-तीन दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो. काचेपलीकडून मला बघून त्यांनी लांबूनच हात वर केला, येतील म्हणून. तिसऱ्या दिवशी पंपवाल्याबरोबर बोरीला एका विहिरीवर स्टार्टर बसवत होतो तेव्हा मेसेज आला. हात ओले होते, त्यानंच माझ्या खिशातून फोन काढून वाचला आणि विहिरीवरच्या सगळ्यांना सांगितलं की पावण्याची आई इमानानं येणार. शेतमालकानं लगेच विचारलं, माझ्या मोटारीचे पॉइंट कुणाला गेले?

भावानं आईला गाडीच्या मागच्या सीटवर आडवं निजवून नागपूरला सोडलं. मी पुण्याच्या विमानतळावर इतका आधी जाऊन उभा राहिलो की तिथल्या पोलिसानं दोनदा विचारलं, कुणाला घ्यायचंय. आई व्हीलचेअरवर बसून आली. ती नको म्हणत होती, मी का लंगडी आहो का, म्हणून. पण खुर्ची ढकलणाऱ्या बाईंशी तिची एवढ्यात ओळख झालेली, त्यांच्या लेकीचं लग्न कुठं ठरलंय हे तिला माहीत होतं. पिशवीत विमानातली पाण्याची बाटली होती, न उघडलेली.

वाटेत मी विचारलं, कसं वाटलं? ती म्हणाली, वरून सारे शेतं सारखेच दिसतात, आपलं कोणतं ते समजे ना. मग मंचरजवळ ट्रकांच्या रांगेत अडकलो तेव्हा तिनं खिडकीतून गोण्या बघितल्या. "हे सारे कांदेच का बाप्पा? खाते कोण?"

घरी आल्यावर ती मागच्या खोलीत गेली. भिंतीला हात लावला. रंग कोणी निवडला, विचारलं. बायको म्हणाली, मी. आईनं तिला जवळ ओढलं. वास्तुशांतीला ती खुर्चीवर बसून होती, पूजा संपेपर्यंत उठली नाही. जेवायला तिघंही आले. प्लंबरला तिनं तीनदा वाढलं. हे तिकीट आधी त्याचं होतं हे तिला बायकोनं सांगितलं होतं.

मी आधीच ठरवून ठेवलं होतं की परतीचं तिकीट पैसे देऊनच काढायचं. फरशीवाला थांबला तर थांबला. दोन आठवड्यांनी आईपाशी विषय काढला. ती शेंगा सोलत होती.

"पैसे देऊन?" ती म्हणाली. "पैसे देऊन कोणी इमानात बसते का? तुह्या पाळीची वाट पाहतो मी."

मी समजावलं की पुढची पाळी प्लंबरची, मग पंपवाल्याची, मग रंगाऱ्याची. आपली सगळ्यात शेवटी, तोवर वर्ष जाईल. तिनं एक शेंग फोडली, दाणे ताटात टाकले आणि म्हणाली, जाऊ दे ना. कंबरेले इथलं ऊन मानवते.

उन्हाळ्यात प्लंबरपुरते पॉइंट झाले. निघायच्या आदल्या दिवशी तो पाया पडायला आला, नवा शर्ट घालून. आईनं त्याला समोर बसवलं. खिडकी मागजो, पण पंखावरची नको, काही दिसत नाही. कान दुखले तर थुंकी गिळजो. पट्टा लागत नसला तर लाजू नको, त्या पोरी लावून देतात. तो मान खाली घालून ऐकत होता, "व्हय आजी, व्हय आजी" करत. आमच्या चौघांत विमानात बसलेलं कुणीच नव्हतं. बसलेली होती ती आईच.

तो गेल्यावर आईनं विचारलं, आता पंपवाल्याची पाळी ना? मी म्हणालो, हो. त्याचं काम कसं चाललंय, तिनं विचारलं. मी म्हणालो, यंदा विहिरींना पाणी बरं आहे, मोटारी कमी जळतात, जरा वेळच लागेल.

"लागू दे," आई म्हणाली, आणि वाळत घातलेल्या मिरच्या उलटायला ओट्यावर गेली.