दत्तण्णांची लहान बॅटरी

कमरीपेठेत भांड्यांच्या दुकानात बसणारे दत्तात्रेय, म्हणजे सगळ्यांचे दत्तण्णा, स्वतःची अक्कल स्वतःच काढतात. दुसऱ्याला ती संधी देत नाहीत. गाडीची हकीकत तर ते गिऱ्हाइकालासुद्धा बसवून ऐकवतात.

त्यांच्या पत्नी श्यामलाबाई लग्नाआधी धारवाडला बाळाचार्यांकडे गाणं शिकायच्या. संसारात ते सुटलं. मुलं मार्गी लागल्यावर त्यांनी पुन्हा शिकायचं मनावर घेतलं. आचार्य ऐंशीला टेकलेले, तरी "ये" म्हणाले. अडचण गुडघ्यांची होती. बसच्या पायऱ्या चढवत नव्हत्या. दत्तण्णांनी चारचौघांत जाहीर केलं, "इलेक्ट्रिक स्कूटर घेतो. दर रविवारी मी नेतो तुला."

आणि घेतली नाही. चढत्या बाजारात माल घ्यायचा नसतो, ही वडलांची शिकवण. किंमत उतरू दे, मग बघू, असं करता करता महिने गेले. मधल्या काळात तांबं चढत होतं आणि दत्तण्णा खुशीत होते. रोज सकाळी मोबाइलवर तांब्याचा भाव बघायचा, गोदामातला माल आठवायचा आणि आणखी एक चहा मागायचा. गाडीच्या मोटरीत तांबं, वायरीत तांबं, बॅटरीतही तांबं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. ज्या भावाला ते दुकानात ओवाळत होते, तोच शोरूममध्ये त्यांची वाट अडवून उभा होता. वर्ष सरलं. श्यामलाबाई आधी विचारायच्या, "या महिन्यात?" पुढे विचारेनाशा झाल्या. स्वयंपाक करताना गुणगुणायच्या, तेही थांबलं. हे मात्र दत्तण्णांना फार लागलं.

मग एकदाचे दोघं केशवापूरला शोरूममध्ये गेले. किंमत गेल्या वर्षीचीच! दत्तण्णांची छाती फुगली. "बघितलंस? थांबलो म्हणून!"

काउंटरवरची प्रियांका म्हणाली, "रेट तोच आहे, अण्णा. बॅटरी तेवढी लहान केली आहे. चार्जर वेगळा घ्यायचा. आणि ती मोठी स्क्रीन गेली, नोड्री, बघा की, आता साधी येते."

"का बरं?"

"सामान महागलं की. एन माडोदु?"

काय करायचं! हे वाक्य दुकानात दत्तण्णाच गिऱ्हाइकाला ऐकवायचे, सूरसुद्धा त्यांचाच. तांबं चढल्यापासून त्यांनी घागरी वजनावर विकणं सोडून नगावर विकायला सुरुवात केली होती. किंमत तीच, पत्रा पातळ. कुणी घागर उचलून "हलकी लागते हो" म्हणालं, की दत्तण्णा म्हणायचे, "तुमच्याच सोयीसाठी! उचलायला बरी." आता बॅटरीबद्दल तक्रार करावी, तर ही मुलगी तेच ऐकवायची. चोरावर मोर म्हणतात तो काउंटरमागे बसला होता.

मोठ्या बॅटरीची गाडीही होती, जास्त किमतीची. शहाण्या माणसाने तीच घेतली असती. दत्तण्णांनी लहान घेतली आणि चार्जरही सगळ्यात स्वस्त, सावकाश चालणारा. "धारवाड असं कितीसं लांब? जाऊन येऊन होतंय की." एका चार्जिंगमध्ये गाडी किती जाते, हा कंपनीचा आकडा बहुधा एका बारीक माणसाचा, सपाट रस्त्यावरचा होता. इथे माणसं दोन, त्यात बारीक कुणीच नाही आणि धारवाडची वाट चढाची.

पहिल्या रविवारी वाटेवरच्या उणकलपर्यंत दत्तण्णा ऐटीत होते. पुढे बॅटरीचा आकडा भराभर उतरायला लागला आणि त्यांचं बोलणंही. आचार्यांच्या दारी पोचले तेव्हा परत घरी जाण्याइतकी बॅटरी उरली नव्हती. दत्तण्णांनी खाली मान घालून प्लग मागितला. चार्जर श्यामलाबाईंनी पिशवीत घालून आणला होता, नाहीतर तोही घरी राहिला असता.

"किती वेळ लागतो याला?" आचार्यांनी विचारलं.

"तीन तास तरी."

शिकवणी तासाभराची ठरली होती. आचार्यांनी गाडीकडे पाहिलं, श्यामलाबाईंकडे पाहिलं. "मग बस. गाडी भरेपर्यंत गाऊ."

खिडकीतून वायर बाहेर आली. दत्तण्णा बाहेर पायरीवर बसले, परतीच्या वाटेवर काय काय सबबी सांगायच्या ते जुळवत. आतून श्यामलाबाईंचा आवाज आला. आधी चिरकला, अडखळला, मग हळूहळू ठिकाणावर बसला. कित्येक वर्षांत त्यांनी तो असा मोकळा ऐकला नव्हता. सबबी ते विसरले. हे गाणं आपण वर्षभर तांब्याच्या भावाने तोलत बसलो, असला गाढव अख्ख्या कमरीपेठेत दुसरा नाही, असं त्यांनी स्वतःलाच सुनावलं.

परतताना ते म्हणाले, "मी उद्याच विचारतो. ही बदलून मोठ्या बॅटरीची घेऊ."

"मुळीच नको," मागून श्यामलाबाई म्हणाल्या. "वर्षभर थांबवलंत मला. आता तीन-तीन तासांनी वसूल करणार आहे."

दत्तण्णांनी घासाघीस केली नाही. "कर," ते म्हणाले, "व्याजासकट कर."