मास्तरांचं बोट

गल्लीच्या तोंडावर शिलाईचं दुकान चालवणाऱ्या मास्तरांना सुईची भीती वाटते असं कोणी म्हटलं असतं, तर गिऱ्हाइकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. भीती नव्हतीच. अडचण निराळी होती, आणि ती मास्तरांनाही ठाऊक नव्हती.

मास्तर विधुर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि मधली सगळी वर्षं काही देवाचं नाव घेण्यात गेली नव्हती. आता पन्नाशीत त्यांचं पुन्हा जुळत होतं, दुकानाची काजं-बटणं घरी बसून करून देणाऱ्या बाईंशी. त्याही विधवा, आणि जिभेने फटकळ. लग्नाच्या तारखेचा विषय निघताच त्यांनी कपड्यांच्या गठ्ठ्यामागून एक लहानसा खोका काढला.

"एचआयव्हीची तपासणी. घरच्या घरी होते. मी माझी केली, काही निघालं नाही. आता तुमची करा, मग तारीख."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे. तुमच्या मागच्या वर्षांवर नाही."

मास्तरांनी खोका उचलला, कारण त्या वर्षांवर त्यांचाही नव्हता.

दुपारी शटर अर्धं ओढून त्यांनी खोक्यातला कागद वाचला. बोटाला टोचणी लावायची, रक्ताचा थेंब पट्टीवर सोडायचा, वर खोक्यातल्या इवल्या बाटलीतलं औषधी पाणी टाकून थांबायचं. एक रेघ आली तर सुटलो. दोन आल्या तर दवाखान्यात जाऊन पक्की तपासणी. मास्तरांनी हात धुतले, कोरडे केले, टोचणी दाबली. टच्च. आणि थेंब नीट वर येतो न येतो तोच बोट तोंडात.

पोरवयापासूनची सवय. सुई लागली की बोट तोंडात, म्हणजे गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या सदऱ्याला डाग नको. बोटाने मास्तरांना विचारलंसुद्धा नाही.

खोक्यात एक टोचणी जादा होती. या खेपेला मास्तरांनी डावं मनगट मापाच्या टेपने मशीनच्या दांड्याला करकचून बांधलं आणि उजव्या हाताने टोचलं. हात जागचा हलला नाही. मान मात्र खाली गेली. मास्तर मशीनवर ओणवे, बोट तोंडात, अशा अवस्थेत थोरली बहीण जेवणाचा डबा घेऊन शटरखालून आत आली.

"काय रे, मशीनच्या पाया पडतोस?"

"तेल घालतोय, ताई."

"तोंडाने?"

ताईला खरं सांगणं शक्य नव्हतं. मास्तर औषधांच्या दुकानातून दुसरा खोका घेऊन थेट बाईंच्या दारात गेले आणि झालं ते सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला.

"सबबी पुष्कळ ऐकल्या मी. थेंब गिळला, ही नवीन आहे. तपासायचंच नसेल तर सरळ सांगा."

"तुमच्यासमोर करतो. मग तर झालं?"

"गेल्या तीन महिन्यांत काही उद्योग? ताजी लागण या तपासणीत दिसत नाही."

"अहो, दोन वर्षं तुमच्याच दाराशी घुटमळतोय."

बाईंनी थोडा विचार केला आणि टाचण्या खोचायच्या इवल्या गादीतून दोन-चार काढून त्यांच्या हातावर ठेवल्या. "ओठांत धरा. गिऱ्हाइकाच्या अंगावर कपडा बेतताना धरता तशा."

टच्च झालं. बोट उठलं, ओठांपाशी आलं, टाचण्या दिसताच दाराला कुलूप बघून पाहुणा वळावा तसं मागे फिरलं. बाईंनी ते वाटेतच धरलं आणि थेंब पट्टीवर उतरवला.

मग वाट बघणं. मास्तरांनी टाचण्या काढल्या. "बाई, त्या काळात मी..."

"टाचण्या काढायला कोणी सांगितलं?"

त्यांनी पुन्हा ओठांत धरल्या. बाई काज घालायला बसल्या, आणि ते वाकडं गेलं. बाईंचं काज वाकडं गेलेलं मास्तरांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी हळूच टाचण्या खाली ठेवल्या.

"दोन आल्या तर?"

"तर दवाखाना. गोळ्या मिळतात, वेळेवर घेतल्या की माणसं संसार करतात, नातवंडं खेळवतात."

"आणि आपलं?"

"तारीख पुढे जाईल," बाई वाकडं काज उसवत म्हणाल्या. "मी कुठे जाणार?"

वेळ भरली तशी दोघांनी चष्मे चढवले. रेघ एकच होती. बाईंनी पट्टी उजेडात धरून पुन्हा पाहिलं, डोळे मिटून हात जोडले, आणि मग नाक ओढत म्हणाल्या, "कापूस दाबून धरा बोटावर. आणि बोला, कोणती तारीख धरायची?"

मास्तरांना उत्तर देता येईना. बोट तोंडात होतं.