आप्पांचे शेरे

पीएच.डी. मी उशिरा केली, चाळिशी उलटल्यावर. विषय घरचाच होता: चाकणकडची शेतकरी माणसं कारखान्यात कशी गेली. माझे वडील, आप्पा, त्यांतलेच. कंपनीत मेंटेनन्स फिटर होते, उभा जन्म बंद पडलेली मशिनं चालू करण्यात गेला.

दर रविवारी सकाळी थेरगावच्या फ्लॅटमध्ये आमची शाळा भरायची. मी इंग्रजी शोधनिबंध त्यांना मराठीत सांगायची आणि आप्पा लिहिणाऱ्याची हजेरी घ्यायचे. "ह्यो मानूस कंदी शिफ्टला गेला व्हता का? आमी कंपनीत गेलो म्हंजी शेती सोडली, आसं न्हाई." मग खरं काय झालं ते तासभर सांगायचे. संदर्भ सांभाळून ठेवणारं एक सॉफ्टवेअर मी वापरायची. त्यात प्रत्येक निबंधाखाली टिपणाची चौकट असते. तिथे मी आप्पांचे शेरे भराभर टाइप करायची. भल्याभल्या विद्वानांच्या खाली आमचे आप्पा! मला त्याची फार मजा वाटायची.

हे सगळं एका पेनड्राइव्हवर होतं. तो मी निगडीच्या कॉलेजातून घरी आणि घरून कॉलेजात न्यायची. बस सुटेल म्हणून कितीदा तरी सॉफ्टवेअर बंद न करताच तो उपसून पर्समध्ये टाकला. माझा स्वभावच तसा, घोड्यावर बसलेला.

दोन वर्षांनी एका रविवारी सॉफ्टवेअर उघडलं आणि आपोआप बंद झालं. परत उघडलं, परत बंद. माझं डोकंच फिरलं. वीसेक वेळा तरी उघडलं असेल.

आप्पा म्हणाले, "आगं, ट्रिप झालेलं मशिन सारकं सारकं चालू करू न्हाई. आदी का थांबलं ते बघावं."

"आप्पा, हे तुमचं लेथ मशिन नाही," मी खेकसले. ते पेपर उघडून वाचत बसले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातले कॉम्प्युटर दुरुस्त करणारे सर म्हणाले, "मॅडम, तुमची टिपणं ज्यात असतात तो डेटाबेस खराब झालाय. सॉफ्टवेअर त्याची एक जुनी प्रत जपून ठेवतं, पण दर वेळी उघडताना तिच्यावर नवी ठेवतं. तुम्ही इतक्यांदा उघडलंत की चांगल्या प्रतीवरही खराबच जाऊन बसली. पहिल्यांदाच थांबला असतात तर सगळं मिळालं असतं."

त्यांनी नवा डेटाबेस केला. निबंधांच्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये होत्या, त्या आत घेतल्या. चोराच्या हातची लंगोटी. सॉफ्टवेअर न कुरकुरता उघडलं. सगळे विद्वान जागच्या जागी होते आणि प्रत्येकाच्या खालची चौकट रिकामी होती.

पुढच्याच रविवारी आप्पांसमोर बसून म्हणायला हवं होतं, की गेलं सगळं, परत सांगा. त्यांनी हसत सांगितलं असतं. पण मी खेकसले होते ना, आता कोणत्या तोंडाने कबूल करायचं? प्रबंध द्यायची तारीख जवळ आली होती, तीही सबब मिळाली. नंतर विचारू, असं मी मनाशी म्हटलं. रविवार बंद पडले. प्रबंध आप्पांच्या शेऱ्यांवाचून पुरा झाला आणि पदवीही मिळाली. तोवर आप्पा गॅस चालू ठेवून विसरायला लागले होते. माझ्या त्या भित्र्या अहंकाराची मला अजून चीड येते.

परवा शेवटी धीर करून सगळं सांगितलं आणि म्हटलं, "आप्पा, कंपनीतला पहिला दिवस परत सांगा ना."

त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं. रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "आता काय ध्यानात न्हाई गं. पन तुला सांगितलंय की म्या समदं. तू सांग, मी आयकतो."

आणि खुर्ची पुढे ओढून बसले. मी तोंड उघडलं. मला एवढंच आठवलं, की ते सांगत होते तेव्हा मी स्क्रीनकडे बघत होते.